सासूबाईंचा चष्मा

सहलीत काडेपेटी ओढ्यात पडली आणि शेकोटी अडली. दिराने गारगोट्या आपटून पाहिल्या, मग आपला चष्मा उन्हात धरला.

"भावजी, तुमचा नंबर उणे. त्याने किरण पांगतात," थोरली सून म्हणाली. "आई, तुमचा वाचायचा द्या. शेकोटी पेटली नाही तर सगळी भांडी मी घासेन."

"आणि पेटली तर मी!" दीर हसला.

ढग सूर्याकडे सरकत होता. किरण आणखी एकवटावेत म्हणून तिने सासूबाईंच्या चष्म्याच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवला आणि उजेडाचा ठिपका कोळशाच्या चुऱ्यावर धरला. धूर निघाला! लाल टिंब दिसलं! तिने ते वाळक्या गवतात घेऊन हळूच फुंकलं आणि भपकन जाळ झाला.

"अगंबाई!" सासूबाई टाळ्या पिटत ओरडल्या. "आणि इतकी वर्षं मी त्याने नुसता पेपर वाचत होते!"