खारूची लस

आत्या भांडायला आली नव्हती. नर्सची नोकरी करून करून तिच्या आवाजाला एक समजुतीचं वळण पडलं होतं, आणि त्या आवाजानं तिनं आजवर कितीतरी भेदरलेल्या पोरींना वळणावर आणलं होतं. फक्त भावाच्या घरात तिचं काही चालत नसे. तिथे ती नर्स नव्हती, शेंडेफळ होती.

"सोमवारी मी खारूच्याच शाळेत आहे," ती म्हणाली. "गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून लस देतोय. तेवढी परवानगीची सही करून ठेवा."

खारू म्हणजे भाची. दिवसभर काहीतरी कुरतडत बसायची, म्हणून खारू.

वहिनीनं मोबाइल पुढे केला. लस घेतल्यावर पोरी चक्कर येऊन पडतात, त्यांना पुढे मूल होत नाही, असं बरंच काही त्यात होतं. आत्यानं ते शेवटपर्यंत पाहिलं, हे तिचं मोठेपण.

"चक्कर येते कधीकधी, म्हणून तर आम्ही पोरींना नंतर थोडा वेळ बसवून ठेवतो. दंड दुखतो, एखादीला ताप येतो. क्वचित कुणाला ॲलर्जी होते, त्याचं औषध आमच्या हाताशी असतं. पण मूल होत नाही म्हणतात, त्यात काडीचं तथ्य नाही. तपासून पाहिलंय ते."

"पण एवढ्या लहान वयात कशाला, ताई?"

"विषाणू अंगात शिरायच्या आधी दिली तरच पुरता उपयोग, वहिनी."

वहिनीनं मोबाइल पालथा ठेवला. ती विरघळत होती. आत्यानं इथेच गप्प बसायचं होतं. पण जिंकत आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"आपली आई कशानं गेली?" ती दादाकडे वळली. "पोटाचं दुखणं म्हणून सगळ्यांना सांगत आलो. हाच कॅन्सर होता तो."

दादानं मान वर केली. "आणि हा विषाणू येतो कुठून?"

प्रश्न सरळ होता आणि आत्याला खोटं बोलायचा सराव नव्हता. "शरीरसंबंधातून. पण त्यात वाईट चालीचं काही नाही रे. बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही. नवऱ्याकडूनही येतो."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. खिडकीपाशी तिचे वडील बसले होते. आईच्या आजारपणात अण्णांनी तिचं सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं, अगदी केस विंचरण्यापर्यंत.

"म्हणजे मी दिला तिला," अण्णा म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, म्हणाले.

"तसं कुणालाच सांगता येत नाही, अण्णा. यात कुणाचा दोष नसतो."

हे खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. अण्णा भिंतीचा आधार घेत आत गेले.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "आता माझ्या पोरीनं ही सुई टोचून घेतली, तर आईला तुम्हीच दिलात, असं मीही अण्णांना म्हटल्यासारखं होईल. सही होणार नाही."

"अरे, अण्णांचा आणि खारूच्या लशीचा काय संबंध?"

"तूच लावलास."

वहिनीनं नजर खाली वळवली. या घरात तिचा शब्द आत्याच्या शब्दाहून जड नव्हता. पुढचे दिवस आत्यानं फोनमागून फोन केले, डॉक्टरांशी बोलणं करून देते म्हणाली, रडली. दादा ऐकून घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. अण्णा तर फोनवर आलेच नाहीत.

सोमवारी वर्गातली बाकं भिंतीला लावली होती. ज्यांच्या घरून सही आली नव्हती, त्या पोरी मागे बसल्या होत्या. आत्या मान खाली घालून झपाझप काम उरकत होती. पुढे आलेला दंड तिनं पुसायला घेतला आणि मग वर पाहिलं. खारू, बाही खांद्यापर्यंत गुंडाळून, डोळे गच्च मिटून उभी होती.

"पटकन दे, आत्या. मी घरी सांगणार नाही."

मिनिटभराचं काम होतं. आत्याचा हात सिरिंजकडे गेलाही. पण परवानगीशिवाय नर्स सुई टोचते, एवढं एकदा बाहेर पडलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून कुठल्याच आईबापानं पोरगी पाठवली नसती. तिनं स्वतःच खारूची बाही खाली ओढली.

"मागे जाऊन बस, पिल्ला."

"मग मला झालं तर?"

रांगेतल्या पोरी बघत होत्या. आत्यानं हातातला ओला कापूस टाकून दिला.

"पुढची या," ती म्हणाली.