सदाने बांधलेलं बिनदाराचं घर

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आगरदांड्यात कुणालाच पटत नाही, म्हणून काही मी जेवायचा थांबलेलो नाही. मी एकदा माझ्या गाडीवरच्या घरात बसून खाडी ओलांडून दिघीला गेलोय. फेरीबोटीने नाही. गाडी अलीकडे राहिली, घर पलीकडे गेलं आणि मध्ये माझा चहा झाला.

परवा हे पुन्हा सांगायची वेळ आली ती माझ्या पुतण्यामुळे. केतन उलव्याहून आपला नवा पिकअप घेऊन आला, अंगणात लावला आणि मोबाईल माझ्या नाकाशी धरला.

"काका, बघा. पिकअपवर हा डबा बसवणार. फायबरचा आहे. आत फ्रिज, शॉवर, वर सोलर. पनवेलचा माणूस बनवून देतोय. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"आणि माझ्या घराचं काय?"

केतन जरा चाचरला. "काशीदचा एक रिसॉर्टवाला न्यायला तयार आहे. शहाळ्याची टपरी करेल म्हणतो."

माझं घर अंगणातच आहे, फणसाखाली, चार लाकडी पायांवर उभं. खालची नाकवाली लॉरी कधीच भंगारात गेली. आतमध्ये हल्ली कमळ, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, सुक्या शेणी ठेवते. पण ते घर रत्नागिरीपासून कारवारपर्यंत फिरलेलं आहे, आणि त्याच्यावर शहाळी फोडणार?

"अरे, तुझ्या पिकअपवर हेच चढव की," मी म्हटलं. "माप आजही बरोबर बसेल."

"मला चालेल हो. प्राप्तीचं काय?" प्राप्ती ही त्याची बायको. "मागच्या पावसात भाड्याचा कॅम्पर घेऊन काशीदला गेलो होतो. छत गळलं. सकाळी तिने उशी पिळून वाळत घातली. आता एकच अट आहे तिची. थेंब जरी आत आला तरी ती उतरणार आणि एसटीने माहेरी जाणार. हे लाकूड इतकं जुनं. गळणार नाही कशावरून?"

मुद्दा एवढाच होता. पण पोरगं तोलूनमापून विचारायला लागलं, की मला सरळ उत्तर द्यायचा कंटाळा येतो. मी खाट ओढली. शेजारची नलू कोळीण टोपली उतरवून पडवीच्या पायरीवर टेकली होती. तिला कमळने चहा दिला, मलाही दिला, आणि मी सुरुवात केली.

गाडी मालाच्या कामातून बाद झाली तेव्हा कमळ म्हणाली होती, "जन्मभर तुम्ही हिंडलात, मी दार राखलं. आता मला न्या." मग मी श्रीवर्धनच्या सदा सुताराला गाठलं. सदा होड्या बांधायचा. घर त्याने आयुष्यात बांधलं नव्हतं. मी सांगितलं, "गाडीच्या मापाचं बांध, हलकं बांध, बाकी तुझ्या मनाने." ही माझी चूक. त्याने मनानेच बांधलं.

पुढे होडीसारखी नाळ, म्हणजे निमुळतं टोक, काढली, ड्रायव्हरच्या डोक्यावर आलेली. तीच आमची झोपायची जागा झाली. फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ ठासली. लोखंडी खिळा एक नाही, सगळे तांब्याचे, खाऱ्या वाऱ्यात गंजू नयेत म्हणून. वरून मासळीचं तेल चोपडलं. त्या वासाने मुरुडपासून मांजरं मागे लागली, ती बोर्लीपर्यंत मिरवणुकीने आली.

"मांजरं सोडा," केतन म्हणाला. "दार कुठे होतं?"

"तेच तर. होडीला दार कुठे असतं? सदा विसरला. वर एक झाकण ठेवलं आणि म्हणाला, उतरा आत."

पहिला महिनाभर कमळ शिडी लावून छतातून घरात जायची. लोक बघायला थांबत. शेवटी मी करवत घेऊन दार कापलं, पण ते डाव्या बाजूला. गाडी रस्त्याच्या कडेला लावली की पाय गवतात पडला पाहिजे, ट्रकच्या खाली नाही. "तुझ्या मोबाईलवरच्या डब्याचं दार कुठे आहे बघ," मी केतनला म्हटलं.

केतनने बघितलं. "मागे."

"म्हणजे धूळ आणि धूर दोन्ही आत. पाण्याची टाकी?"

"वर. छतावर."

"वळणावर डोलशील. आमची टाकी तळाला, दोन चाकांच्या मध्ये. चूल दाराशी, म्हणजे पेटलं काही तर हातासरशी बाहेर. आणि सदाने विसराळूपणाने ठेवलेलं ते झाकण उघडलं की आतली गरम हवा सरळ वर. तुला एसी लागेल. हिला वाऱ्याने सर्दी व्हायची."

"व्हायची," कमळ म्हणाली.

केतन उठून घराभोवती फिरला. वाकून पाय पाहिले. ते पाय मी लावून घेतले होते. घर पायांवर उभं करायचं, गाडी खालून काढून बाजारात जायचं. त्याला ते आवडलं, तोंडावरून कळत होतं. नाळेवर त्याने हातही फिरवला. मग परत येऊन बसला.

"सगळं मान्य, काका. पण पाणी?"

इथे मला थांबता आलं असतं. पण खाडी समोर दिसत होती.

"पाणी," मी म्हटलं, "त्याचीच तर गोष्ट आहे. एकदा धक्क्याजवळ गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. घर तिथेच उतारावर पायांवर ठेवलं आणि गाडी मेस्त्रीकडे ओढून नेली. दुपारी आम्ही आत. हिचा एकादशीचा उपवास, साबुदाण्याची खिचडी परतत होती. तेवढ्यात घर डोललं. खिडकीतून बघतो तर पाय जमिनीवर नाहीत. भरती."

नलूने कप खाली ठेवला. "एकादशीच ना, दिनाभाऊ?"

"एकादशीच. खिचडीत मिरची जास्त झाली होती, आजही आठवतंय."

"बरं बरं. मग?"

"मग काय, सदाने होडी बांधली होती, ती होडीसारखी निघाली. हिचं लुगडं झाकणातून वर काढून शीड केलं. मी दारात बसून झाऱ्याने वल्हवतोय. अर्ध्या खाडीत फेरीबोट आडवी आली, तिच्यातल्या लोकांनी हात केले. हिने त्यांना खिचडी विचारली. दिघीला लागलो तर तिकीटवाला डोकं धरून बसला. म्हणे, गाडीचं तिकीट आहे, माणसाचं आहे, म्हशीचं आहे, घराचं कुठलं फाडू? त्याचा निर्णय होईपर्यंत ओहोटी लागली, आणि तिने आम्हाला परत आणून होतो तिथे, चारी पायांवर ठेवलं. आत थेंब नाही. साबुदाणासुद्धा सुटा."

केतन हसत नव्हता. त्याने कमळकडे बघितलं. "काकी, खरं?"

"मी तेव्हा झोपले होते," कमळ म्हणाली आणि कप गोळा करायला लागली.

"खिचडी परतताना?"

"उपवासाने झापड येते."

केतनने मोबाईल काढला. पनवेलवाल्याचा नंबर वर आणून अंगठा तसाच धरून बसला. मी नलूकडे बघितलं. डोळ्यांनी म्हटलं, बाई, एक शब्द माझ्या बाजूने. नलूने टोपली जवळ ओढली.

"केतन, माझं ऐक. ते मोठं वादळ झालं ना, आमच्या वाडीचे पत्रे उडाले त्या दिवशी. मी, माझी सून, तुझी काकी, आमची सुकी मासळी, सगळी त्या घरात होतो. बाहेर माड आडवे पडत होते. आत मी पाठ टेकून बसले ती फळी हाताने चाचपत होते, आता गळंल, मग गळंल. न्हाय गळली. बोंबील जसे नेले तसे कोरडे बाहेर काढले. प्राप्तीला सांग, नलूमावशी बसली होती आत."

"खरंच, मावशी?"

"बोंबलाच्या बाबतीत मी खोटं बोलंन व्हय?"

केतनने मोबाईल कानाला लावला आणि पनवेलवाल्याला नको म्हणून सांगितलं. मग बाह्या सरसावून पिकअप मागे घ्यायला निघाला, घराच्या पायांच्या मध्ये नीट. जाता जाता थांबला.

"आणि मावशी, ते खाडीचं?"

मी खाटेवरून म्हटलं, "सांग ना, नलू. तिकीटवाल्याचं सांग."

नलूने टोपली डोक्यावर घेतली.

"अरे, उधाण येतं अवसेला न् पुनवेला. एकादशीला भांगाचं पाणी, म्हंजे भरती अगदी बारकी, ते धक्क्याच्या पायरीला पण लागत न्हाय. त्यात माझी ही टोपली तरंगायची न्हाय, तर तुझ्या काकाचा बंगला कुठला दिघीला जातोय?"