सुंदरम्मानं न कापलेली चादर

मित्रांनो, मी सोलापुरातला एक जुना हातमाग आहे. अस्सल सागवानी. माझा धोटा पळू लागला की गल्लीला कळायचं, सुंदरम्माच्या घरात नवी चादर चढली. आधी तिचा नवरा माझ्यावर विणायचा, त्याच्यामागे मुलगा बसप्पा. बसप्पाच्या हातची किनार बघून व्यापारी मान डोलवायचे आणि मला उगाच ऐट वाटायची.

मग एका भांडणात बसप्पानं समोरच्या दुर्गाचा नवरा आणि दीर, दोघांना ठार मारलं. पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा माझ्यावर अर्धी चादर होती. कोर्टानं त्याला फाशी सुनावली.

या घरात विणकर वारला की अर्धं कापड कापून माग मोकळा करतात. नवरा गेला तेव्हा सुंदरम्मानंच कात्री लावली होती. पण बसप्पाची चादर ती कुणाला कापू देईना. तिचा भाऊ निंगप्पा म्हणायचा, माग भंगारात घाल, जागा तरी होईल. ती नुसती माझ्यावरची धूळ पुसायची. सूत तुटलं तर गाठ मारायची. तिकडे बसप्पाचा दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून होता आणि त्याला कोठडीत एकट्यालाच कोंडलं होतं. बाहेर पाऊल वाजलं की आपल्याला न्यायला आले, असं त्याला वाटायचं. त्याला भेटून आली की सुंदरम्मा माझ्या फळीवर बसून राहायची.

गेल्या महिन्यात बसप्पाच्या वकील रेश्माताई घरी आल्या. उच्च न्यायालयानं फाशी रद्द केली होती. माणसाला इतकी वर्षं मरणाच्या दारात एकटं उभं करणं हीच क्रूर शिक्षा आहे, असं न्यायाधीश म्हणाले होते. आता जन्मठेप.

"म्हंजी घरी न्हाईच येणार," निंगप्पा म्हणाला. "आता तरी काप की, अक्का."

"मेलेल्याचं कापत्यात. माजा जित्ता हाय."

दारात दुर्गा उभी होती. "माजी मानसं न्हाईत, मावशी," ती हळू म्हणाली.

"व्हय गं बाई," सुंदरम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं माझे कुजलेले दोर बदलले, तेल घातलं आणि स्वतःच विणायला बसली. धोटा अडखळत निघाला. माझा आवाज ऐकताच दुर्गाची खिडकी धाडकन बंद झाली. रोज तसंच व्हायचं. आज मात्र ती उघडीच राहिली.

मित्रांनो, किनार आता वाकडी येते. येऊ द्या. बिघडलेलं उसवा, पुन्हा विणा, वेळ लागला तरी चालेल. पण ज्याचा विणकर अजून श्वास घेतोय, त्या कापडाला कात्री लावू नका.