एकवीस वर्षांचं रक्त सांभाळणारा मी

मी फ्रीजर बोलतोय. आईस्क्रीमचा नव्हे हं, तोंडाला पाणी सुटलं असेल तर पुसा! माझ्या पोटात माणसांचं रक्त आहे. एकवीस वर्षांचं, लहान लहान कुप्यांत, नावानिशी.

आमच्या प्रयोगशाळेखालच्या वस्तीत जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी आहे. तिच्या धुरातलं शिसं अंगात किती जातं, वाढतं की घटतं, हे बघायला दरवर्षी वस्तीतल्या चाळीस जणांचं रक्त घेतात. माणसं मोठी गमतीची. सुई बघून पैलवान घेरी येऊन पडतो आणि त्याची बायको हसून हसून बेजार होते.

मला सांभाळायचे प्रयोगशाळेतले काका. राहायचे टेकडीवर. "आमच्याकडे धूर फिरकत नाही," म्हणून तुलनेला दरवर्षी स्वतःचंच रक्त द्यायचे. "माझं रक्त म्हणजे कोरी पाटी!" यंत्रं बदलत राहायची, म्हणून जुने आकडे कुणी धरायचं नाही; वस्तीचं रक्त काकांच्या त्याच वर्षीच्या रक्ताशी ताडून बघायचं, फरक गेल्या वर्षीइतकाच निघायचा आणि शेरा पडायचा: वाढ नाही. भट्टी निवांत धुमसायची. जुन्या कुप्या कुणी उघडल्याच नाहीत. मीही दात विचकून बर्फ साठवत बसलो.

यंदा नवीन डॉक्टरबाई आल्या. त्यांनी काकांची पहिल्या वर्षाची कुपी काढली आणि यंदाच्या कुपीबरोबर तपासली.

"काका, तुमचं शिसं सातपट झालंय."

"काहीतरीच काय! यंत्राचं डोकं फिरलंय."

"दोनदा लावलं. धूर टेकडी चढलाय. वस्तीबरोबर तुम्हीही वाढत गेलात, म्हणून फरक तेवढाच दिसला."

काका हसले. मग हसू विरलं.

"बाई, माझी नात तीन वर्षांची आहे. अजून बोलत नाही. आम्ही आपले म्हणायचो, आजोबांनीच घरातलं सगळं बोलणं संपवलं, तिला काय उरणार!"

शिसं लहान मुलांच्या मेंदूलाच आधी धरतं, हे वस्तीतल्या आयांना काकाच तर सांगायचे.

दुसऱ्या दिवशी ते नातीला कडेवर घेऊन आले. सुई बाईंनी टोचली, काका भिंतीकडे बघत राहिले. आकडा आजोबांपेक्षा मोठा निघाला.

सगळ्या वर्षांचे शेरे काकांनी स्वतःच्या हाताने खोडले. खाली लिहिलं, "चूक माझी." भट्टीला आता टाळं लागेल म्हणतात. पण नातीच्या हाडांत बसलेलं शिसं कुठल्या टाळ्याला भीक घालतं?

मी आता घरघरतो. मला मोडीत काढायचं चाललंय. काढा बापड्यांनो! फक्त कुप्या आधी दुसरीकडे हलवा, आणि दरवर्षी एखादी जुनी उघडून बघत जा. माझ्यासारखं पत्र्याचं खोकं एवढी बडबड करतंय. त्या पोरीला अजून "आजोबा" म्हणता येत नाही.