पाचवा खिळा

खिळ्याच्या टोकाला लागलेला ठिपका मोहरीहूनही लहान होता, पण लाल होता. नालबंदाने तो उजेडाकडे धरून पाहिला. अडतीस वर्षांत त्याच्या हातचा खिळा खुरातल्या जिवंत भागाला कधी लागला नव्हता. घोडीने पाय हिसडला तेव्हाच त्याला कळलं होतं. तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन कबूल होईना.

लेकीने आयोडीनची बाटली आधीच उघडली होती. तिने छिद्र धुतलं, कापूस बसवला. "हे रिकामं ठेवू, बाबा. बाकीच्या पाचांवर नाल धरेल."

घोडीचे सांधे दुखत होते, म्हणून डॉक्टरांनी लोखंडाऐवजी प्लॅस्टिकचे नाल लावायला सांगितलं होतं. "म्हणजे घोडीला चपला घालायच्या!" असं म्हणत त्याने सकाळी काम हातात घेतलं. लोखंडावर तो कानाने काम करायचा. खिळा टणक खुरातून नीट चालला असला की ठोका खणखणीत वाजायचा, आत वळला की बद्द. बद्द वाजला की थांबायचं. या मऊ नालावर प्रत्येक ठोका सारखाच बद्द वाजत होता. चार खिळे सवयीने निभावले, पाचवा आत गेला.

तबेल्याच्या मालकीणबाई घोडीचं तोंड धरून उभ्या होत्या. वर्षभर त्या विचारत होत्या, "काका, तुमच्यानंतर आमचे बावीस घोडे कोण बघणार?" आणि तो दर वेळी विषय बदलत होता. लेक चार वर्षं त्याच्याबरोबर खूर तासत होती. हातोडी मात्र त्याने सोडली नव्हती.

"मी ठोकू?" लेकीने विचारलं.

त्याने हातोडी पुढे केली.

तिने सहावा खिळा लावला. डाव्या हाताची दोन बोटं तिने खुराच्या बाहेरच्या बाजूवर, टोक जिथून निघायला हवं तिथे टेकवली. कान नव्हे, बोटं लक्ष देत होती. तिसऱ्या ठोक्याला ती थांबली, खिळा उपसला, अंगुळाचा आठवा भाग बाहेर सरकवून पुन्हा लावला. घोडीने कानही हलवला नाही.

"हे कुठं शिकलीस गं?"

"तुम्ही दुपारी घोरता तेव्हा. डॉक्टर मेलेल्या घोड्यांचे खूर देतात मला सरावाला."

"तरीच फ्रीज उघडला की तुझी आई मला नावं ठेवते!"

मालकीणबाईंना हसू आवरेना. लेकीने उजवा पायही पुरा केला. खिळे एकदम आवळले नाहीत. एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा, म्हणजे डोकं प्लॅस्टिकात रुतत नाही. नालबंदाने त्या खुरावरच्या टोकांवरून अंगठा फिरवला. सहाही एका ओळीत. वाकवलेली टोकं कानसेने इतकी साफ केलेली की नखही अडेना. असं काम त्याने फार थोड्या हातांचं पाहिलं होतं, आणि हा हात त्याच्या घरचा होता.

घोडी फरशीवरून चालत गेली. पाय सरळ पडत होते.

"काका," मालकीणबाई म्हणाल्या, "आता तरी सांगा."

त्याने कमरेचा चामडी एप्रन सोडला आणि लेकीच्या हातात दिला.

"आजपासून तुमचे घोडे माझी लेक बघेल. खिळे ती ठोकेल, मी घोडा धरीन."