खडूचा अंगठा

रोममधल्या नुमेरियस परटाने उभा जन्म लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात घालवला होता, आणि आज मतदानाच्या दिवशी स्वतःच्याच मतावर डाग पाडून तो घरी आला होता. त्रेबियाने हरभऱ्याची कढत आमटी पुढे ठेवली तरी त्याची नजर उजव्या अंगठ्यावरून हलेना.

"काय झालंय बोटाला? कापलं का?" तिने विचारलं.

"कापलं असतं तर बरं झालं असतं. पुरावा तरी उरला नसता."

त्रेबिया शेजारी बसली. नवरा असं कोड्यात बोलायला लागला की काहीतरी भलतंच घडलेलं असतं, हे तिला वीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

घडलं होतं ते असं. फुल्सिनियस हे त्यांचे धनी. धुलाईचं दुकान त्यांच्याच इमारतीच्या तळाशी होतं, कोर्टकचेरीची वेळ आली तर तेच पाठीशी उभे राहत, आणि त्या बदल्यात नुमेरियस रोज सकाळी त्यांच्या दारात हजेरी लावी. यंदा धन्यांचा भाचा आउलस एडाईलच्या जागेला उभा होता. एडाईल म्हणजे रस्ते, बाजार आणि नळाचं पाणी ज्याच्या हातात, तो माणूस. धन्यांचे चाळीस आश्रित एकाच गणातले मतदार. त्या चाळिसांना हुकूम सुटला: मत आउलसला. ज्याने दगा दिला त्याने दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचलायचं.

आणि आउलसच्या विरुद्ध उभा होता टेटियस! नुमान्शियाच्या लढाईत नुमेरियसच्या मांडीत भाला घुसला होता, तेव्हा सगळे जीव घेऊन पळत असताना ज्याने त्याला उचलून आपल्या घोड्यावर टाकलं आणि स्वतः लगाम धरून पायी चालत आला, तो हाच टेटियस. त्याने कधी त्या उपकाराची आठवण करून दिली नाही. म्हणून तर ती जास्तच टोचत होती.

पूर्वी सोपं होतं, म्हणजे गुपचूप धन्यांचं ऐकण्यापुरतं सोपं होतं. मतदार फळ्यांच्या पुलावरून टोपलीपर्यंत जायचा आणि पुलाच्या कडेला धन्यांचा कारभारी दामा मान लांब करून मेणाच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचायचा. यंदा नव्या कायद्याने पूलच इतका चिंचोळा केला की एका वेळी एकच माणूस जावा. त्या पुलावर पाय ठेवताच नुमेरियसला हुरूप आला. त्याने पाटीवर टेटियसचं पहिलं अक्षर कोरलं. पण ऊन मी म्हणत होतं, मेण मऊ पडलं होतं, आणि परटाच्या अंगठ्याच्या रेघारेघांत कपडे पांढरे करायचा वर्षानुवर्षांचा खडू बसलेला. पाटी टोपलीत पडता पडता त्याला दिसलं, अक्षराच्या शेजारी त्याचा अंगठा पांढराशुभ्र उमटला होता. मोहोर मारावी तसा.

आणि टोपल्यांतल्या पाट्या मोजायला आउलसच्या वतीने कोण बसलं होतं? तर दामा.

"अगं बाई," त्रेबिया म्हणाली. "टेटियसलाच दिलंत ना पण?"

"हो."

"मग झालं तर. आमटी गार होतेय. उद्याचं उद्या बघू."

ती असं म्हणाली म्हणून त्याला घास गिळता आला. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पडल्या पडल्या त्याला लिकोन आठवत राहिला.

लिकोन हा धन्यांच्या घरचा ग्रीक गुलाम, मुलांना शिकवायला ठेवलेला. आठ दिवसांपूर्वी तो आउलसचा उमेदवारीचा टोगा, अंगाभोवती गुंडाळायचं ते लांब वस्त्र, घेऊन दुकानात आला होता. "धन्यांचा निरोप आहे. पोरगा बाकीच्या उमेदवारांपेक्षा पांढरा दिसला पाहिजे. खडू हात राखून लावू नकोस," असं सांगून झाल्यावर तो निघून जाईल तर शपथ. नुमेरियस हौदात उभा राहून कपडे तुडवत होता, नाकात धुलाईसाठी आंबवलेल्या मुताचा तो ठरलेला उग्र दर्प, आणि हा काठावर बसून राज्यशास्त्र सांगत होता.

"राज्य म्हणजे तिवई बघ," लिकोन म्हणाला. "एक पाय राजासारख्या अधिकाऱ्यांचा, म्हणजे तुमच्या कॉन्सुलांचा. दुसरा थोर घराण्यांचा, म्हणजे सिनेटचा. तिसरा जनतेचा. तिन्ही सारखे असले की तिवई डगमगत नाही. तुम्हा रोमन लोकांना हे न शिकता जमलंय, याचंच आम्हाला वैषम्य."

"तिसरा पाय आमचा ना? मग बसणाऱ्यांचं सगळं वजन त्याच्यावरच का येतं?"

"चांगला प्रश्न आहे. आता असं बघ, ज्याला आपलं मत लपवावं लागतं त्याला स्वतंत्र माणूस म्हणायचं का? आमच्याकडे यावर दोन दिवस वाद चालेल."

"आमच्याकडे त्याच्यावर दुकान चालतं," नुमेरियस म्हणाला होता, आणि त्याने टोग्यावर एक सोडून तीन थर चढवले होते. आउलस शिंकला तरी खडू उडेल इतके.

सकाळ उजाडली. नुमेरियस धन्यांच्या दिवाणखान्यात चाळीस जणांच्या रांगेत तेविसावा उभा होता. आउलस पडल्याचं काल संध्याकाळीच सगळ्यांना कळलं होतं. धनी खुर्चीत बसले होते, शेजारी दामा, मागे भिंतीशी लिकोन.

"आपल्या गणात आउलसला मतं किती पडली, माहीत आहे?" धनी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच भीती वाटत होती. "नऊ. त्यातलं एक माझं. एक त्याचं स्वतःचं. एक दामाचं. राहिली किती?"

दामाने सहा बोटं वर केली.

"आता एकेकाने पुढे यायचं आणि सांगायचं."

पहिला पुढे झाला. "आउलसला दिलं, धनी." दुसरा म्हणाला, "आउलसलाच." तिसऱ्याने ज्युपिटरची शपथ घेतली, चौथ्याने आईची. नुमेरियसचं लक्ष आपल्या अंगठ्यावर होतं, तो मुठीत दाबून धरलेला. सातव्या माणसापर्यंत त्याला काही सुचलंच नाही. दहावा बोलला तेव्हा मात्र तो दचकला. राहिलेली मतं सहा, आणि आउलसला मत देणारे झाले दहा? मग पंधरा झाले, वीस झाले. नुमेरियसने हळूच रांगेवरून नजर फिरवली. प्रत्येक जण जमिनीकडे बघत होता. प्रत्येकाच्या कपाळावर घाम.

त्याची पाळी आली.

"तू बोलू नकोस," धनी म्हणाले. "टेटियसच्या पाटीवर दामाने पांढरा अंगठा पाहिलाय. माझ्या माणसांत खडूत हात घालणारा एकच आहे."

दुकान गेलं. त्रेबियाला काय सांगायचं, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

तेवढ्यात मागून पेडियस मोची खाकरला. "धनी, तसा अंगठा तर माझाही उठला असेल."

"तू मोची. तुझ्या हाताला खडू कुठला?"

"आउलससाहेबांचा. काल मतदानाच्या मैदानावर त्यांनी मला कडकडून मिठी मारली, मग दोन्ही हात धरून हलवले. बायको म्हणाली, पिठात पडलात की काय."

"माझेही हात पांढरे झाले होते, धनी," आणखी कुणीतरी म्हणालं. "माझा तर सदरा अजून झटकतोय," असं तिसरा म्हणाला. बघता बघता रांगभर कुजबूज झाली.

धन्यांनी दामाकडे पाहिलं. "अंगठे किती होते रे?"

दामा चुळबुळला. "अर्ध्याअधिक पाट्यांवर, धनी. मी सांगतच होतो, पण पहिला अंगठा ऐकल्याबरोबर आपण जे उठलात..."

धनी वळून म्हणाले, "लिकोन! तू मोठा शहाणा ना? सांग, यातले दगाबाज कोण?"

"चौतीस जण आहेत, धनी, इतकंच गणित सांगतं. नावं सांगत नाही." लिकोनने हात जोडल्यासारखे केले. "काढायचेच तर सगळ्यांना काढावं लागेल. टेटियसच्या दारात आज दोनशे माणसं आहेत म्हणतात, त्यात हे चौतीस मावतील. मग फोरमच्या चौकात जाताना आपल्याबरोबर सहा उरतील. सहा माणसं बघून लोक विचारतील, कोण गेलं?"

कुणी हसलं नाही. हसण्याची छाती नव्हती. फुल्सिनियस बराच वेळ त्या चाळीस खाली घातलेल्या माना बघत राहिले. मोठ्या घराण्याच्या माणसाची किंमत त्याच्यामागे किती माणसं चालतात यावर ठरते, हे त्या घरात जन्मलेल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"चला," ते उठत म्हणाले. "उशीर होतोय."

दाराशी त्यांनी दामाच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि नुमेरियसच्या छातीवर आपटलं. आउलसचा टोगा होता.

"खडू काढ यातला. सगळा. पोरगा पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार आहे, तेव्हाही तूच रंगवायचास. पण जरा बेताने. कळलं?"

"कळलं, धनी," नुमेरियस म्हणाला. पुढच्या वर्षी. म्हणजे दुकान होतं! त्याला तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं.

रस्त्यात पेडियस त्याच्या खांद्याला खांदा लावून चालू लागला. "मला वाटलं, मी एकटाच," तो कानात पुटपुटला.

"मलाही."

त्यांच्यामागचा फिसकन हसला, त्याच्यामागचाही. धन्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा चाळीस माणसं चेहरे गंभीर करून, शिस्तीत फोरमकडे चालत होती.

घरी पोचल्यावर नुमेरियसने गाठोडं हौदात टाकलं आणि कपडे वर खोचून आत उतरला. पाणी दुधासारखं झालं. त्रेबिया काठावर बसून सगळं ऐकत होती, मध्येच पदराने डोळे पुसत होती, मध्येच हसत होती.

"मग पुढच्या वर्षी खडू बेतानेच लावणार तर," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" नुमेरियस म्हणाला. "चार थर लावणार."