मी उघडाच होतो

मी सुमित्राबाईच्या घराचा दरवाजा बोलतोय. खरं तर पाऊणच. उरलेला पाव लाथेत गेला.

मी बाभळीचा. रोहण्याच्या सुतारानं घडवलेला. घर लहान, म्हणून त्यानं मला बाहेर उघडणारा बसवला. अठरा वर्षं लोक कडी वाजवत, मग आत येत. सुमित्राबाई शाळेत खिचडी शिजवते. पोरगी वर्षाली वर्ध्याला वकिली शिकते.

एप्रिलात सुमित्राबाईनं कुरडयांसाठी गहू भिजवले, तिसऱ्या दिवशी वाटून चीक गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ठेवला. आंबूस वास गल्लीभर पसरला. कुणीतरी पोलिसांना कळवलं, इथं दारू गाळतात. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे नाकं सगळ्यांचीच तयार.

सकाळी जीप आली. जमादारानं ना हाक मारली, ना कडीला हात लावला. "तोडा!" म्हणाला. अहो, आतून कडी लावलेलीच नव्हती! नुसतं ओढायचं होतं. हे आत ढकलतायत. चौथ्या लाथेला माझी खालची फळी फुटली आणि शिपायाचा पाय तिच्यातच अडकला.

सुट्टीवर आलेली वर्षाली धावली. "काऊन तोडून राह्यले जी?"

"घरात दारूसाठी आंबवलेला सडवा आहे. हिच्या आईले गाडीत बसवा!" जमादार ओरडला.

केस झाली असती, तर सुमित्राबाईचं शाळेतलं काम गेलं असतं.

वर्षालीनं तिचा हात धरला. "थांबा. आधी कोण ते सांगा, दार उघडाले सांगा, नाई उघडलं तरच तोडा, असा कायदा आहे. तुम्ही आवाज तरी देला काय? आता गल्लीतले दोन पंच घ्या अन् मोबाइलवर शूटिंग करा."

जमादार गुरगुरला, पण बाहेर अख्खी गल्ली जमली होती. शेजारचे बंडूजी आणि कौशल्याबाई पंच झाले. शूटिंग सुरू झालं. बंडूजींनी गंजात बोट बुडवलं, चाखलं आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, चीक आहे. मीठ टाकाचं राह्यलं."

गल्ली खदखदली. शिपाई तोवर एका पायावरच उभा.

पंचनामा झाला: दारू नाही. जमादार पेन खिशात घालू लागला.

"दाराचं लिहा," सुमित्राबाई म्हणाली.

"लिहाच लागते काय?"

"लागते. लाथा चार. कडी लावली नोती."

दार तोडल्याची तक्रार वर्ध्याला मोठ्या साहेबांकडे गेलीय. सुमित्राबाईची खिचडी चालू आहे. चौकशी होईस्तोवर वर्षाली मला दुरुस्त करू देत नाही, कारण मी आता पुरावा आहे. भोकातून मांजर येते-जाते, तीही विचारत नाही.

बाप्पाहो, संशय आला तर जरूर या. पण आधी नाव सांगा. मी लाकडाचा आहे. आत माणसं राहतात.